आईच्या फोनचा गजर

"नाही म्हणजे नाही," बाबा म्हणाले. "आईच्या फोनला हात लावायचा नाही."

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. तीन दिवसांत हे पाचव्यांदा झालं होतं.

आई घरोघर जाऊन रुग्णांना इंजेक्शनं द्यायची. कोणाकडे किती वाजता जायचं, ते तिला फोनमधल्या अ‍ॅपवर कळायचं. आणि ते अ‍ॅप येत्या सोमवारपासून तिच्या जुन्या फोनवर उघडणार नव्हतं. कंपनीने या फोनची अपडेट केव्हाच बंद केली होती. नवा फोन इतक्यात शक्य नव्हता. म्हणजे सोमवारी आई घरी बसणार, आणि पुढेही बसणारच. इतकी सरळ गोष्ट, पण बाबांच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

"बाबा, कंपनीने हात वर केले म्हणून लोकांनीच अपडेट बनवलंय. फुकट देतात. हजारो जणांनी टाकलंय."

"कोण लोक? नावं काय त्यांची?"

"या फोनचं एक जण बनवतो. 'काटकोन' म्हणून लिहितो. खरं नाव कोणालाच माहीत नाही."

"झालं! ज्याला नाव सांगायची लाज वाटते, त्याच्या हाती आईचा फोन द्यायचा?"

बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. रिकामी लिफ्ट पन्नासदा वरखाली केल्याशिवाय ते तिच्यात माणूस चढू देत नसत. निवृत्त झाल्यापासून ही खोड घरच्यांच्या राशीला आली होती.

"आणि गजराचं काय?" त्यांनी विचारलं. "फोन तासभर नुसता पडून राहिला, तर वाजतो का? आईची इंजेक्शनं वेळेवर लागतात."

"गजर न वाजायला काय झालंय? बाबा, तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही. मग कशाला नाक खुपसता?"

बाबा उठले. चष्मा पुसत आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. हल्ली ते दिवसभर तिथेच असत. शब्दकोडी सोडवतात म्हणे.

"तुम्ही दोघं काय ते ठरवा," आई वैतागून म्हणाली. "मला सोमवारी कामावर जायचंय, एवढंच."

मुलगी तणतणत आपल्या खोलीत आली. आता बनवणाऱ्यालाच विचारायचं. तिने काटकोनला फोनचं मॉडेल कळवलं, आईचं काम सांगितलं आणि शेवटी राहवलं नाही म्हणून लिहिलं, 'माझे वडील आडवे आलेत. अडाणी आहेत, त्यात हट्टी. तुम्ही एकदा खात्री दिलीत, तर त्यांचं तोंड बंद होईल.'

दहा मिनिटांत उत्तर आलं.

'इतक्यात टाकू नका. फोन पडून राहिला की गजर वाजत नाही, हे मला याच आठवड्यात कळलं. चूक शोधतोय, रविवारपर्यंत दुरुस्त करून देतो.'

तिने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणजे बाबांचंच खरं झालं! आता ते महिनाभर ऐकवणार.

तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

'आणि रुसून खोलीत बसू नकोस, बाहेर ये. आई जेवायची खोळंबली आहे.'