बाईंसोबत जेवायची शिक्षा

पाच नियम तक्त्यावर पटापट चढले. उशिरा यायचं नाही, मारामारी करायची नाही, गृहपाठ चुकवायचा नाही... घोडं अडलं ते शिक्षेपाशी.

नियम मुलांनीच करायचे आणि शिक्षाही त्यांनीच ठरवायची, असं प्रियदर्शिनीबाईंनी सांगितलं होतं. छडी आणि उठाबशा मात्र चालणार नव्हत्या. एकोणीस पोरं बराच वेळ एकमेकांच्या कानाला लागली. मग चौथीतली मन्तशा उभी राहिली.

"जो नियम मोडंल, त्यानं दुपारच्याला बाईंसंगं जेवायला बसायचं."

सगळ्यांचे हात वर गेले. बाईंनी हसून तेही तक्त्यावर लिहिलं, पण आत कुठंतरी टोचलं.

मुळशी धरणाच्या काठच्या या शाळेत येऊन त्यांना सात महिने झाले होते. माहेर उदगीरचं, इथं पौडला भाड्याची खोली आणि जाऊन-येऊन वडापची जीप. दुपारी मुलं ओट्यावर ओळीनं खिचडी खायची, शाळेतले दुसरे शिक्षक इंद्रजित सर गावातच घरी जायचे आणि बाई ऑफिसात डबा उघडायच्या. भिंतीपलीकडून पोरांचं खिदळणं ऐकू येई. आपल्याबरोबर दोन घास खाणं या पोरांना छडीच्या जागी वाटतं, हे त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्याच दिवशी अमोघ उशिरा आला. ताट घेऊन मुकाट्यानं समोर बसला. मग दिशाचा गृहपाठ राहिला. तिची वही आजवर कधी अपुरी नव्हती. मग शहनवाजनं कुणाची तरी पेन्सिल लपवली. रोज कुणीतरी एक. बाई विचारायच्या, पोरं हळूहळू बोलायची. व्यायलेल्या म्हशीचं, जाळ्यात घावलेल्या मरळीचं, रिसॉर्टवर कामाला जाणाऱ्या आईचं. डबा कधी संपला ते बाईंना कळायचं नाही. घंटा झाली की मात्र आठवायचं, समोरचं पोर शिक्षा भोगतंय.

तीन आठवड्यांनी त्यांनी इंद्रजित सरांपाशी कबूल केलं, की प्रयोग फसला. एक दिवस असा जात नाही की नियम मोडला नाही. सर म्हणाले, शिक्षा बदलून बघा.

सोमवारी बाईंनी तक्त्यावरची ती ओळ खोडली. उद्यापासून नियम मोडणाऱ्यानं मैदान झाडायचं, माझ्याकडे जेवायला यायचं नाही, असं सांगून टाकलं. पोरं हुश्श करतील, असं त्यांना वाटलं होतं.

पहिलीतली गौतमी मुसमुसायला लागली. बाईंनी जवळ जाऊन काय झालं म्हणून विचारलं. तिनं मन्तशाकडं पाहिलं. मन्तशानं मान खाली घातली.

"तुमी एकल्याच जेवता म्हनून आमी नंबर लावलेत," गौतमी डोळे पुसत म्हणाली. "उद्या नियम मोडायचा माझा नंबर हाय, बाई."