खुशाल बसा

कंबरदुखीने ती बेजार झाली होती. डॉक्टरांनी तासातासाला उठून थोडं चालायला बजावलं होतं. पण विम्याचे दावे तपासणाऱ्या त्या ऑफिसात ती उठली, की साहेबांचा पारा चढायचा.

“निघाली का स्वारी पुन्हा फिरायला?”

ती दातओठ खात खिडकीपर्यंत जाऊन यायची. परत आल्यावर खुर्ची गरम असायची, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

“माझ्या जागेवर कोण बसतं गं?” तिने शेजारच्या मैत्रिणीला विचारलं.

“कुणीच नाही. मी इथेच तर असते.”

त्या दुपारी ती उठताच साहेब तरातरा आले. “एका जागी बसायला काय धाड भरते तुम्हाला? थांबा, मीच बसून दाखवतो!”

“बसा ना! खुशाल बसा!” तीही कडाडली.

साहेब दाणकन बसले. मग उठायला गेले आणि उठताच येईना. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“मागून कोण दाबतंय मला? सोडायला सांगा!”

ती समोरच हाताची घडी घालून उभी होती. खुर्चीमागे नुसती भिंत होती. साहेबांच्या शर्टावर, दोन्ही खांद्यांशी, बोटांचे खळगे उमटले आणि हळूहळू आत रुतू लागले.