दुसरी वेलांटी

दार उघडलं. म्हातारा उंबऱ्यात आला, मुलीकडे बघत राहिला, आणि तोंडातून अवाक्षर न काढता त्यानं दार लावून घेतलं. पडद्यावरचा हा प्रसंग बाबांनी चाळीसएक वेळा तरी पाहिला असेल. संगणकावरचा हा खेळ त्यांच्या मुलीनं बनवला होता. त्यात एक मुलगी लांबून चालत घरी येते, कडी वाजवते, आणि बाप गप्प. तो बाप कोण, हे बाबांना कुणी सांगायला नको होतं.

छत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. चूक दिसली की हात शिवशिवायचा. पाच वर्षांपूर्वी मुलगी चांगली नोकरी सोडून खेळ बनवायला दुसऱ्या शहरात निघून गेली आणि तिथून तिनं चार पानी पत्र लिहिलं. 'माझे वडिल मला कधी कळलेच नाहीत.' बाबांनी 'वडिल'भोवती लाल गोल काढला, समासात 'दुसरी वेलांटी' असं लिहिलं आणि पत्र परत पाठवून दिलं. तेव्हा त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नव्हतं. त्यानंतर ना फोन, ना पत्र. तिची आई तर आधीच गेलेली. घरात आवाज करायचा तो एकटा फ्रीज.

आज मात्र बाबांनी मनाशी ठरवलं होतं. खेळाच्या आतल्या फायली उघडून त्यात फेरफार करणारे हौशी लोक असतात. त्यांच्या सूचना बाबांनी वहीत उतरवून घेतल्या होत्या. त्या मुक्या बापाच्या तोंडी स्वतः एक वाक्य घालायचं, बाकी काही नाही.

प्रकरण वाटलं तितकं अवघड नव्हतं. सगळे संवाद एका फायलीत होते, प्रत्येकाला एक नाव दिलेलं. कोणता संवाद कधी बोलायचा, ते दुसऱ्या फायलीत, त्याच नावानं. दोन्हीकडे नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं. जुळलं नाही तर खेळ अडत नाही, तक्रारही करत नाही. नुसता गप्प बसतो.

बाबांनी सवयीनं पडद्याला पट्टी लावली आणि एकेक ओळ खाली सरकू लागले. अकराशे ओळी, एकही चूक नाही. पोरगी शिकली म्हणायची! आणि मग पट्टी थांबली.

वडील_दार: "आलीस? किती वाळलीस गं! आत ये आधी."

म्हणजे बापाला वाक्य होतं. पहिल्यापासून होतं. बाबांनी घाईघाईनं दुसरी फाईल उघडली. दार उघडताच: वडिल_दार. पहिली वेलांटी.

त्यांनी ती दुसरी केली. खेळ पुन्हा सुरू केला, मुलीला चालवत दारापाशी आणलं, कडी वाजवली. म्हातारा उंबऱ्यात आला आणि बोलला. दार उघडंच राहिलं. भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या बाबा ओक्साबोक्शी रडले.

मग त्यांनी फोन लावला. तिनं उचलला.

"अगं, तुझ्या खेळात एक चूक आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. पाच वर्षांनी बोलायची वेळ आली, तर पुन्हा चूकच काढली!

"कुठली?"

"दुसऱ्या फायलीत. वडील. दुसरी वेलांटी हवी." बाबांची नजर अजून पडद्यावरच्या उघड्या दारावर होती. "त्याला बोलायचं होतं गं. पहिल्यापासून बोलायचंच होतं त्याला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तीन वर्षं झाली ती तिथे ठेवून. चूक शोधायला एवढा वेळ कधी लागला नव्हता तुम्हाला, बाबा."