रेघ नाचायला हवी

"इथंच घे आत," नवसाबाई लेकाला म्हणाल्या. "पाहुण्यांच्या दारात काळा धूर सोडत जायचं का?"

सोमनाथने निमूटपणे गाडी अंबडच्या त्या गॅरेजात घातली. मुलगी बघायला निघालेल्या माणसाची गाडी, आणि तिला पेट्रोलचा उग्र वास. समोर इंजिनाचा पिवळा दिवाही पेटलेला. फुलशेती करतो म्हणून कितीतरी स्थळांनी त्याला आधीच नाकारलं होतं. आताशा तो मुलीचा फोटोसुद्धा बघत नसे. आधी हुरळायचं आणि मग तोंड पाडून बसायचं, याचा त्याला वीट आला होता.

"पोरगी इंजिनाचं काम करती," आईने सांगितलं होतं.

"इंजिनीअर म्हण, आई," त्याने सुधारलं होतं. शिकलेली मुलगी गुलाबवाल्याला कशाला हो म्हणेल, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

गॅरेजवाली पुढे आली. अंगात निळा बॉयलर सूट, हात कोपरापर्यंत काळे.

"बाईमाणूस गाडीला हात लावणार. चालेल?"

"काम येतंय ना? मग झालं," सोमनाथ म्हणाला.

तिने गाडीला यंत्र जोडलं. मोबाइलवर एक रेघ उमटली, अगदी सपाट.

"ऑक्सिजन सेन्सर बदललाय का?"

"मागेच बदलला. दिवा पुन्हा लागला."

"ही रेघ वरखाली नाचायला हवी. धुरात ऑक्सिजन किती उरला ते सेन्सर सांगतो, त्यावर इंजिन पेट्रोल घेतं. याचं सांगणं पोहोचतच नाहीये, म्हणून ते आपलं ढोसतंय."

ती गाडीखाली शिरली. सोमनाथ टॉर्च धरून मातीतच बसला. वायरीचा माग काढत ती सायलेन्सरच्या तापलेल्या नळीपाशी पोहोचली. तिथे टेकून वायर वितळली होती. तिने तेवढा भाग कापला, नवा तुकडा जोडला, नळीपासून लांब बांधला. कलम करताना गुलाबाचा डोळा भरायला लागते तशी निगुती. काय हात आहे, सोमनाथला वाटलं, आणि तो बघतच राहिला.

"शेतावर पहाटे कोण उठतं?" तिने खालूनच विचारलं. मागच्या सीटवरची गुलाबं तिने बघितली असतील, त्याला वाटलं.

"आम्ही दोघं. चहा मी करतो. आईचा चहा प्यायला छाती लागते."

नवसाबाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

गाडी सुरू झाली. रेघ वरखाली नाचू लागली, दिवा गेला. ती हात धुवायला नळावर गेली.

सोमनाथने आईला बाजूला घेतलं. "आई, मला नाही यायचं पुढे. त्यांना फोन करून सांग. ती पोरगी उगाच नटून वाट बघत बसायची."

"का रे?"

त्याने नळाकडे पाहिलं. "मला हीच आवडली. हिला विचारून बघ. नाही म्हणाली तर म्हणू दे."

नवसाबाईंनी पदराआड हसू दाबलं. गॅरेजवाली हात पुसत त्यांच्यापाशी आली.

"मावशी, घरी सांगते पोहे टाकायला. मुलगा पसंत आहे मला."