आयर्लंडच्या पोरींचा फ्लेक्स

आयर्लंडच्या त्या पाच पोरी एका गॅरेजमध्ये गात होत्या आणि उभ्या जगात त्यांना ऐकणारी दोनशे माणसंसुद्धा नव्हती, तेव्हापासून पलूसची संयोगिता त्यांची चाहती. परवा त्यांचं गाणं तिकडं पहिल्या नंबरावर गेलं, तसा तिनं हट्टच धरला, की चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागलाच पाहिजे. फौजेतून रिटायर झालेले तिचे वडील सयाजीराव व्हिडिओ बघून लय खूश झाले. म्हणाले, "पोरी असाव्यात तर अशा! आईबापाचं नाव काढलं गड्या. चांगला बारा फुटी लावू."

संयोगितानं रात्रंदिवस खपून डिझाईन करून दिलं, खालची नावं तेवढी सयाजीरावांनी घातली.

फ्लेक्स लागला. वर गिटारी घेतलेल्या पाच पोरी. खाली शुभेच्छुक म्हणून सयाजीराव, दोन चुलते, दीड महिन्याचा पुतण्या आणि शर्यतीतला बैल बादल, फोटोसकट.

संयोगितानं तीनदा वाचून काढलं. "आवं दादा, ह्यात माझं नाव कुठं हाय?"

 

सयाजीराव दचकून इकडंतिकडं बघत म्हणाले, "हळू बोल की! चांगल्या घरातल्या पोरीचं नाव चौकात टांगत्यात व्हय?"