डाव्या रेषेचा पंच

"बाहेर!" तिसऱ्या रांगेतून कुशाबा ओरडला आणि लगेच हैबतरावांनी हात बाहेरच्या दिशेला ताणला.

सभागृह पेटलं. मुळशीच्या समर्थकांनी शिट्ट्या मारल्या. हिंजवडीच्या समर्थकांनी पंच विकला गेल्याचं जाहीर केलं. पाच मिनिटांपूर्वी मुळशीकरांनी तेच जाहीर केलं होतं, तेव्हा हिंजवडीकर शिट्ट्या मारत होते. मंगळवारी लवळ्यात ही सांघिक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा ज्यांनी पिकलबॉल या फळी-चेंडूच्या खेळाचं नावच पहिल्यांदा ऐकलं, ते गुरुवारपासून पंचांना नियम शिकवत होते. आज रविवार, अंतिम सामना. आता तर ते पंचांच्या खानदानापर्यंत पोचले होते.

हैबतराव डाव्या रेषेच्या टोकाला खुर्चीवर बसले होते. बाकी काही बघायचं नाही. त्या रेषेवर चेंडू आत पडला की बाहेर, एवढंच सांगायचं. तीस वर्षं शाळेत खेळाचे शिक्षक होते, त्यामुळे ओरडा खायची सवय होती. पण आता ते थकले होते.

थकण्याचं कारण लोक नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोरची पांढरी रेषा त्यांना अंदाजानं माहीत होती. चेंडू म्हणजे एक पिवळा धूर, टॉक असा आवाज करून नाहीसा होणारा. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. तेवढी स्पर्धा निभावली की झालं. डोळ्यांचं कळलं असतं तर खुर्ची त्याच दिवशी गेली असती, आणि सर आंधळेपणानं पंचगिरी करतात ही बातमी त्यांच्या आधी त्यांच्या गावी, पिरंगुटला पोचली असती.

पहिल्याच दिवशी त्यांना सोय सापडली. सोयीचं नाव कुशाबा.

कुशाबा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी शेताची मोजणी झाली, बांधाचा दगड कुणी सरकवला यावरून दोघांचं फाटलं, तेव्हापासून बोलणं बंद. एकाच्या घरी लग्न असलं की दुसऱ्याला ताप यायचा. आणि हा माणूस सहा दिवस, दोन रिक्षा बदलून, लवळ्याची चढण चढून येत होता. अगदी डाव्या रेषेच्या मागेच बसत होता. चेंडू पडायचा अवकाश, हैबतरावांचा हात हलायच्या आत ओरडत होता. आपल्याला चारचौघांत खोटं पाडायला आलाय, हे हैबतरावांनी ओळखलं. पण पहिल्या दिवशी एका निर्णयावर दाद मागितली गेली, पडद्यावर चित्रण दाखवलं, आणि कुशाबा बरोबर निघाला. दुसऱ्यांदाही. मग हैबतरावांनी विचार करणं सोडलं. कुशाबा म्हणेल तसा हात. तेव्हापासून त्यांचा एकही निर्णय फिरला नव्हता. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा सलग खरं बोलत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"ओ काका, गप बसा ना यार!" कुशाबाच्या पुढच्या रांगेतला साहिल करवादला. हिंजवडीचा टी-शर्ट, कपाळावर हिंजवडीचीच पट्टी. "तुम्हीच पंच आहात का?"

"मग तू हो की," कुशाबा म्हणाला. "डोळं हायेत न्हवं तुला? का त्येबी टी-शर्टाच्या रंगाचंच?"

हशा पिकला. मुख्य पंच ज्ञानदा जाळीजवळून हैबतरावांपाशी आली. बिचारी सकाळपासून पाणीही प्यायली नव्हती.

"सर, ते तुमचे भाऊ आहेत म्हणे. तुमच्यावर दबाव आणतायत, अशी दोन्ही संघांची तक्रार आहे. बाहेर काढू का त्यांना?"

"असू द्या," हैबतराव घाईनं म्हणाले. "बसू द्या त्याला. प्रेक्षक आहे, ओरडणारच."

जवळच्यांनी ऐकलं. बात मागे पसरली. सरांच्या मोठेपणाला टाळ्या पडल्या. आठवड्यातल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि हैबतरावांना मान वर करवेना.

मग एकच गुण उरला. जिंकेल त्याचा चषक. सगळं सभागृह मोबाईल उंचावून उभं राहिलं. बराच वेळ टॉक, टॉक, टॉक. शेवटी मुळशीच्या पल्लवीनं चेंडू हाणला. पिवळा धूर डाव्या कोपऱ्याकडे गेला. टॉक.

हैबतराव थांबले.

तिसऱ्या रांगेतून आवाज आला नाही.

"आत!" अर्धं सभागृह गरजलं. "बाहेर!" उरलेलं अर्धं. दोन्ही आवाज सारखेच मोठे, म्हणजे सारखेच निरुपयोगी. ज्ञानदा त्यांच्याकडे बघत होती. पल्लवी बघत होती, गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत. हात कुठल्याही दिशेला केला असता तरी निम्मी शक्यता खरं ठरण्याची होती. लोक तर एवढ्यावर निवडणुका लढवतात.

अडचणीसाठी पंचाला आणखी एक खूण असते. मध्ये कुणी आलं, दिसलं नाही, तर दोन्ही तळहात डोळ्यांवर. हैबतरावांनी ती सहा दिवस टाळली होती. आता तर त्यांच्या आणि रेषेच्या मध्ये चिटपाखरू नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

पल्लवीच्या धापा त्यांना ऐकू येत होत्या. त्यांनी सावकाश दोन्ही हात उचलले आणि डोळे झाकले.

सभागृह एकदम गप्प झालं. कुठल्या बाजूनं बोंबलायचं ते कुणालाच कळेना. त्या शांततेत मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुढ्यात आड उभ्या राहिलेल्या साहिलला कुणीतरी खांद्याला धरून बाजूला केलं, आणि अपराधी सुरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, कुशाबा म्हणाला,

"मलाबी न्हाई दिसला, दादा."