भिकनआप्पांची उधळपट्टी

"अजून पानी टाक!" भिकनआप्पा ओट्यावरून ओरडले.

शिडीवरच्या मुलाने, योगराजने, पुन्हा पाइप छपराकडे वळवला. सिमेंटचे जुने पत्रे आधीच चिंब होते. डिंडोलीची अर्धी गल्ली खाली जमली होती, पण पत्रे बघायला नव्हे. आंघोळीचं उरलेलं पाणी तुळशीला आणि तुळशीच्या ताटलीत साचलेलं पुन्हा कुंडीला, असा जमाखर्च जन्मभर सांभाळणारा म्हातारा आज टाकी रिकामी करत होता. असा खेळ फुकटात दिसत असताना घरात कोण बसेल?

योगराज हजीऱ्याच्या कारखान्यात फिटर. त्याच्या बायकोला, शीतलला, दिवस गेले होते. बाळ यायच्या आत मागच्या खोलीवर स्लॅब टाकायचा त्याचा बेत होता. हातोडी चालवली असती तर दुपारच्या जेवणापर्यंत छप्पर मोकळं झालं असतं. पण आप्पांनी हातोडी उचलून स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवली होती.

"बोल्ट काप. पत्रा फोडू नको. आन तोंडावरना मास्क काढू नको."

"आप्पा, पत्रा आहे, पापड नाही!"

आप्पांची सगळी नोकरी पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये गेली, वाफेच्या नळांवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण गुंडाळण्यात. या पत्र्यातही तोच माल आहे, असं त्यांनी सकाळी सांगितलं, तेव्हा योगराज हसला होता. "मग जुना दोस्तच की तुमचा. त्याला एवढं काय घाबरता?"

आप्पांनी उलट सुनेलाच घराबाहेर काढलं होतं. "मी सांगस तोपर्यंत घरमा पाय ठेवू नको," एवढंच म्हणाले. का, कशासाठी, हे सांगण्यात शब्द खर्च होतात, आणि म्हातारा शब्दांनाही गाठ मारून ठेवणारा.

शीतल समोर मंगलाबाईंच्या घरी जाऊन बसली, डोळे पुसत. सासू होती तोवर या घरात कुणीतरी बोलायचं. सखुबाई दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेली. बिडी-तंबाखूला न शिवलेली बाई. गल्लीने ते दुखणं दैवाच्या खात्यावर टाकलं आणि विषय मिटवला. तेव्हापासून घरात नुसता म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आणि हुकूम.

"पोटुशी सून अशी दारातून हाकलतात का हो, मावशी? मी भावाला फोन केलाय. उद्या येतोय. बाळंतपण नंदुरबारला, आणि पुढचं पुढे बघू."

"अगं, म्हातारा चक्रम झालाय," मंगलाबाईंनी चहा पुढे केला. "म्हणे धूळ वाईट! स्वतः रोज मिलमधून पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा होऊन यायचा. त्याला काही झालं? खणखणीत आहे की अजून!"

समजूत घालता घालता मंगलाबाई स्वतःचं कामही साधणाऱ्यातल्या. कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायला एक तुकडा मिळतो का, म्हणून त्या विचारून आल्या आणि फणफणत परतल्या. "नाही म्हणाला! नवं कोरं प्लॅस्टिक आणलंय, आणि त्यात जुने पत्रे गुंडाळतोय, जशी काही पैठणीच! असला कचरा नेणाऱ्या परवानावाल्यांची गाडी येणार म्हणे न्यायला. टाकून देईल, पण शेजाऱ्याला देणार नाही."

पत्रे अखंड उतरले. ओलेच गुंडाळले गेले. मग आप्पा स्वतः उकिडवे बसले आणि ओल्या फडक्याने खोली पुसून काढली. झाडूला कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी ती फडकीही प्लॅस्टिकमध्ये बांधली. फडकी टाकणारे भिकनआप्पा! गल्लीने कानाला हात लावले.

ऊन उतरलं. योगराज अंगणातून दाराशी आला. सदऱ्यावर पाठीपासून बाह्यांपर्यंत राखाडी थर, कडेकडेने वाळत आलेला. समोरच्या घरातून शीतलने ते पाहिलं आणि रुसवा बाजूला ठेवून ती उठलीच. नवरा कामावरून आला की उंबऱ्यावरच त्याचा सदरा काढायचा, दोन हातांत धरून चांगला झटकायचा, मग आत घ्यायचा. बाहेरची पीडा बाहेरच. ही रीत तिला सखुबाईनेच लावली होती, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात, हातात हात धरून.

तिने योगराजच्या कॉलरला हात घातला.

"झटकू नको!"

आप्पांची आरोळी आली आणि मागोमाग बादलीभर पाणी. योगराज नखशिखान्त भिजला. शीतलच्याही पदरावर उडालं. गल्ली खो खो हसली.

शीतल हसली नाही.

"आत येऊ नको, हे करू नको, ते करू नको! सासूबाईंनी मायेनं शिकवलेली ही एक रीत राहिली होती, तीही तुम्हाला खुपते? उद्या जाते मी, आप्पा. पुन्हा येणार नाही."

आप्पांनी रिकामी बादली खाली ठेवली. ओला सदरा तसाच योगराजच्या अंगावरून उतरवला, घडी न करता पिशवीत घातला आणि पिशवीला गाठ मारली. गाठ नीट बसेना. ती सोडून त्यांनी पुन्हा मारली.

"तिले तपाशीसन डॉक्टरनी माले इचारं," ते पिशवीकडे बघतच म्हणाले, "घरना कोन मिलमा जास? तुनी सासू मिलमा कधीच गई नही, पोरी. ती नुसता मना सदरा झटके."